समेची वाट न पाहता

'ट्राउट मास्क रेप्लिका' हा रॉक अल्बम पहिल्यांदा लावणाऱ्याच्या मनात सहसा एकच शंका येते: हे वाजवणारे एकमेकांचं ऐकतायत तरी का? एका कानात एक गिटार आपल्याच नादात. दुसऱ्या कानात दुसरी, पहिलीशी काडीची ओळख नसल्यासारखी. ड्रम तिसऱ्याच वाटेने चाललेला, आणि या सगळ्यावर घोगऱ्या आवाजात गुरगुरणारा, मध्येच किंचाळणारा एक माणूस. पहिलं गाणं 'फ्राउनलँड', जेमतेम १ मिनिट ४१ सेकंदांचं. तेवढ्यातही पुष्कळांचा हात बंद करायच्या बटणाकडे जातो, आणि अजून २७ तुकडे शिल्लक असतात.

कॅप्टन बीफहार्ट या नावाने गाणाऱ्या डॉन व्हॅन व्लीटचा आणि त्याच्या मॅजिक बँडचा हा दोन तबकड्यांचा अल्बम जून १९६९ मध्ये निघाला. निर्माता होता रॉक संगीतकार फ्रँक झापा. एकूण लांबी सुमारे ७९ मिनिटं. 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेचा जनक मॅट ग्रेनिंग याने सांगितलेला अनुभव या अल्बमच्या ओळखीचाच एक भाग झाला आहे: पंधराव्या वर्षी ऐकला तेव्हा त्याला तो निव्वळ भयंकर वाटला, आणि सहाव्या-सातव्या खेपेला आजवर ऐकलेला सर्वांत उत्तम अल्बम. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या २०१० च्या यादीत तो घेतला. पण त्या पहिल्या आणि सातव्या खेपेच्या मधे नेमकं काय घडतं, हे फारसं कुणी सांगत नाही. 'ऐकत राहा, आवडेल' एवढंच सांगतात. नुसतं ऐकत राहून तो उघडत नाही. कुठून आत शिरायचं, कशाकडे कान द्यायचा आणि काय करायचं नाही, हे ठाऊक असेल तर उघडतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. यातला गिटार, बेस आणि ड्रमचा भाग जवळजवळ सगळा बांधलेला आहे. उत्स्फूर्त नाही, हवेतून काढलेला नाही. व्हॅन व्लीटचे सॅक्सोफोन मोकाट सुटतात ते वेगळं. पण बँड जे वाजवतो ते स्वर न् स्वर ठरवलेलं आहे.

ते ठरलं कसं, तेही ऐकण्याजोगं आहे. लॉस एंजेलिसच्या वुडलँड हिल्स भागात एन्सेनाडा ड्राइव्हवर एक भाड्याचं घर होतं. बँड तिथे सुमारे आठ महिने राहिला आणि रोज तासन् तास सराव केला. व्हॅन व्लीटला पियानो रीतसर येत नव्हता, स्वरलेखन मुळीच नाही. तो पियानोवर छोटे छोटे तुकडे ठोकायचा, शिट्टीवर सांगायचा, तोंडाने म्हणून दाखवायचा. ड्रमवादक जॉन फ्रेंच ते कागदावर उतरवून घ्यायचा. मग कुठला तुकडा कुणी वाजवायचा, किती वेळा, आणि कुणाच्या कुठल्या तुकड्याबरोबर, याची मांडणी करून तो एकेकाकडून घोटून घ्यायचा. पियानोवर दहा बोटांनी दाबलेला तुकडा गिटारच्या सहा तारांवर बसवायचा म्हणजे हाताच्या अशक्य ठेवणी, आणि त्याही धावत्या लयीत. मार्च १९६९ मध्ये ग्लेंडेलच्या व्हिटनी स्टुडिओत हा बँड उभा राहिला तेव्हा विसेक गाण्यांचा वाद्यभाग साधारण सहा तासांत मुद्रित झाला. गोंधळ असा पाठ करून वाजवता येत नाही.

हे एकदा ध्यानात आलं की 'पुन्हा पुन्हा ऐकणं' याला अर्थ येतो. पुन्हा ऐकल्यावर तेच ऐकू येणार आहे. ते लक्षात राहू शकतं, आणि लक्षात राहिलेलं पुढच्या वेळी ओळखता येतं. कुणाला शंका असेल त्याने 'ग्रो फिन्स' हा १९९९ साली निघालेला पाच सीडींचा संच मिळवून त्यातल्या त्या घरातल्या तालमी ऐकाव्यात. गायन नाही, नुसता बँड. अल्बममध्ये सांडलवंड वाटणारी जागा तिथेही तशीच, त्याच ठिकाणी सांडलेली असते.

आता आपल्या कानांची विशेष अडचण. ज्याने थोडंफार शास्त्रीय संगीत ऐकलंय, किंवा निदान भजनी ठेक्यावर टाळ धरलाय, त्याचा कान समेची वाट पाहतो. गायक कितीही लांब गेला तरी मुखडा पकडून समेवर येणार, हा भरवसा आपल्याला असतो. स्वतंत्र तबलावादनात तबलजी वाटेल तेवढी उलटापालट करतो, कारण पेटीवर किंवा सारंगीवर कुणीतरी लेहरा, म्हणजे आवर्तन दाखवणारी तीच ती सुरावट, धरून बसलेलं असतं. 'फ्राउनलँड'मध्ये लेहरा धरणारं कुणीच नाही. प्रत्येक वाद्याची स्वतःची छोटी ओळ आहे, ती ओळ ते वाद्य फिरवत राहतं, आणि प्रत्येकाच्या ओळीची लांबी वेगळी. समजा एका गिटारची ओळ पाच मात्रांची आणि दुसरीची तीन. दोघी एकदम सुरू झाल्या तर पुन्हा एकत्र येणार पंधरा मात्रांनी. त्यात बेसची ओळ सात मात्रांची असेल तर तिघांची गाठ पडायला १०५ मात्रा लागतील. तितकी वाट इथे कुणी पाहत नाही. त्याआधीच तो भाग संपतो आणि सगळे एकदम नव्या ओळींवर उडी मारतात.

ही उडी पकडायची. आपला कान जी सम शोधत असतो तिच्या जागी इथे ही उडी आहे. चौघंही एकाच क्षणी वळण घेतात तेव्हा अंगावर येतं, कारण त्याआधीच्या काही सेकंदांत त्यांचा एकमेकांशी संबंध आहे याचा मागमूस नव्हता. पहिल्या ऐकण्यात ही वळणं कळत नाहीत. चौथ्या-पाचव्यात एखाददुसरं कळतं. एकदा कळलं की पुसता येत नाही, आणि मग त्या वळणाची वाट पाहिली जाते. वाट पाहता येणं म्हणजे संगीत कळायला लागणं, असं मला वाटतं; मग ते विलंबित एकताल असो की हे.

तर प्रत्यक्ष कसं ऐकायचं. सुरुवात पहिल्या गाण्यापासून करू नये. अल्बमचा क्रम चोखंदळ आहे, पण नवख्यासाठी तो क्रूर आहे. आधी 'चायना पिग' ऐकावं. एक गिटार, एक आवाज, घरातल्या साध्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेलं मुद्रण. मिसिसिपीच्या डेल्टा ब्लूजचा सरळ धागा. इथे कळतं की हा घोगरा आवाज कुठून आलाय. ब्लूज गायक हाउलिन वुल्फचं १९५६ चं 'स्मोकस्टॅक लाइटनिन' आधी एकदा ऐकलं तर आणखीच स्पष्ट होतं. मग 'एला गुरू', कारण त्याला लक्षात राहणारा धृवपदासारखा भाग आहे. मग 'मूनलाइट ऑन व्हरमाँट' आणि 'व्हेटरन्स डे पॉपी'. ही दोन्ही १९६८ साली, म्हणजे बाकीच्या अल्बमच्या आधी मुद्रित झालेली. रॉकची नेहमीची चौकट त्यांत अजून शाबूत आहे. शेवटी 'पचूको कडॅव्हर', ज्याच्या सुरुवातीच्या झोकावर डोलताही येतं. ही पाच गाणी मिळून वीसेक मिनिटांची. आठवडाभर फक्त एवढीच, दिवसाआड एकदा.

दुसऱ्या आठवड्यात 'हेअर पाय'. या रचनेची दोन रूपं अल्बममध्ये आहेत, आणि शिकणाऱ्याला यापेक्षा चांगलं साधन नाही. तबकडीवर आधी येतं ते 'बेक १': बँड घरात वाजवतोय, आणि व्हॅन व्लीट व त्याचा चुलतभाऊ व्हिक्टर हेडन बाहेर अंगणात फुंकवाद्यं फुंकतायत; शेवटी आलेल्या शेजारच्या पोरांशी झालेलं बोलणंही तसंच ठेवलंय. 'बेक २' म्हणजे तीच रचना स्टुडिओत, फुंकवाद्यांशिवाय, स्वच्छ. क्रम उलटा करून 'बेक २' आधी ऐकावं. तीन-चार वेळा. त्यातली गिटारची वळणं ओळखीची झाली की 'बेक १' लावावं. आता त्या सॅक्सोफोनच्या गदारोळाखाली ओळखीचं काहीतरी चाललेलं ऐकू येतं, जसं लग्नघराच्या कलकलाटात आपल्या माणसाचा आवाज वेगळा पडतो तसं. कानाला एका वेळी एक थर बाजूला सारता येतो, हे इथे पहिल्यांदा पटतं.

मगच 'फ्राउनलँड'. १०१ सेकंद, दहा वेळा ऐकलं तरी सतरा मिनिटं. इथे हेडफोन हवेतच, कारण दोन गिटार डाव्या-उजव्या बाजूला वेगळ्या ठेवल्या आहेत. पहिल्या दोन खेपांना डावा कानच ऐकायचा, उजव्या बाजूचा हेडफोन काढून ठेवायचा. पुढच्या दोन खेपांना उजवा. पाचव्या-सहाव्या खेपेला दोन्ही लावून फक्त बेस. तो शोधायला वेळ लागतो, कारण रॉकमधल्या बेससारखा तो तळ धरून बसत नाही. तिसरी गिटार असल्यासारखा वर चढतो, धावतो. मग दोन खेपा ड्रम. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडणारा ओळखीचा ठोका शोधायचा नाही. जॉन फ्रेंच ठेका देत नाही, तोही एक ओळ वाजवतो, एखाद्या गिटारला उत्तर दिल्यासारखी. नवव्या खेपेला आवाज. दहाव्याला काहीही न ठरवता सगळं.

आवाजाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण बहुतेक जण तिथेच अडतात. गाणं वाद्यांशी जुळत नाही, गायक कधी मागे तर कधी पुढे. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच कळत नाही. पण व्हॅन व्लीटने ही गायकी वाद्यांवर नंतर चढवली, आणि तेव्हा हेडफोन लावायला नकार दिला. स्टुडिओच्या काचेतून पलीकडून झिरपून येईल तेवढंच वाद्यसंगीत त्याला ऐकू येत होतं. तेव्हा आवाज लयीत बसवून ऐकायचा प्रयत्न सोडून द्यावा. वाद्यांचा एक पट, त्यावर स्वैर सोडलेला आवाजाचा दुसरा. काही ठिकाणी हा आवाज अल्बमचं नुकसान करतो असंही माझं मत आहे. 'दाखाउ ब्लूज'मध्ये तो इतका मोठा आणि इतका पुढे आहे की खालची गुंफण बुजून जाते. शंभरदा ऐकूनही ते बदलत नाही, आणि न आवडल्याची खंत बाळगण्याचं कारणही नाही.

शब्दांच्या मागे लगेच लागू नये. ते आधी ध्वनी म्हणून घ्यावेत, तराण्यातले बोल घेतो तसे. इंग्रजी ही ज्यांची दुसरी-तिसरी भाषा आहे त्यांना हे उलट सोपं जातं. सगळा अल्बम चारेकदा ऐकून झाल्यावर छापील शब्द घेऊन बसावं. तेव्हा दिसतं की वरकरणी बडबडगीतासारख्या या ओळींत छळछावण्या आहेत, युद्धात गेलेली मुलं आहेत, माणसाने संपवत आणलेली जनावरं आहेत. 'द डस्ट ब्लोज फॉरवर्ड'मध्ये नुसता आवाज आहे, आणि ओळींच्या मधे टेपरेकॉर्डर थांबवल्या-सुरू केल्याची खटखट ऐकू येते. एक ओळ सुचली, म्हटली, बटण दाबलं, पुढची सुचेपर्यंत थांबला. कवी कविता करताना असा क्वचितच पकडला गेला असेल.

इतकं झाल्यावर अल्बम मूळ क्रमाने ऐकायचा, पण एका बैठकीत एकच बाजू. तबकडीच्या चार बाजू, प्रत्येक साधारण वीस मिनिटांची. तो अल्बम तशाच मापाने बेतलेला आहे. सलग ७९ मिनिटं ऐकण्याचा हट्ट ही सर्वांत नेहमीची चूक. पंचवीस-तीस मिनिटांनी कान थकतो, मग सगळं एकसारखं वाटायला लागतं आणि दोष अल्बमवर जातो. बाजू पाळल्या की विसावे आपोआप मिळतात. दुसऱ्या बाजूच्या शेवटी 'डालीज कार' आहे, दीडेक मिनिटांचा निव्वळ दोन गिटारांचा तुकडा. सगळ्या अल्बमची कारागिरी उघडी पाहायची असेल तर ती इथे.

बिघडतं ते बऱ्याचदा साधनामुळे. एकच ब्लूटूथ स्पीकर असेल तर डावं-उजवं एकत्र मिसळतं आणि दोन गिटारांची एक चिवडलेली गिटार होते. ज्याच्यावर सारं उभं आहे तेच नाहीसं होतं. फोनच्या स्पीकरवर बेस जवळपास उरतच नाही. आवाज फार मोठा ठेवला तर गिटारची धार कानाला टोचते, कारण या मुद्रणात वरच्या स्वरांची करकर मुळातच जास्त आहे. बोलण्याच्या आवाजापेक्षा थोडा वर, एवढा पुरे. गाण्यांचा क्रम यादृच्छिक करू नये. स्वयंपाक करताना, बसमध्ये, काम करता करता ऐकू नये. पार्श्वभूमीला ठेवला की हा अल्बम फक्त कटकट करतो. आणि मात्रा मोजू नयेत. तबला शिकलेल्यांना हा मोह फार होतो. मोजायला लागलं की एकच वाद्य ऐकू येतं आणि त्याचं दुसऱ्याशी काय चाललंय ते निसटतं. मोजणी नंतर, हौस म्हणून करावी.

एक प्रामाणिक प्रश्न उरतो. कुठलीही गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की ती आवडायला लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स याने १९६८ साली प्रयोगांनी दाखवलं आहे. मग हे आवडणं म्हणजे निव्वळ सवय तर नाही? याची कसोटी घेता येते. अल्बम बंद असताना 'फ्राउनलँड'मधल्या एका गिटारची ओळ गुणगुणून पाहावी. गाणं मध्येच थांबवून पुढचं वळण काय असेल ते मनात वाजवावं आणि मग पुढे लावावं. जमलं तर ती सवय नव्हे, ते ज्ञान आहे. सवयीने माणूस त्रासाला सरावतो; इथे मात्र तपशील वाढत जातात. 'शुगर अँड स्पाइक्स'मध्ये एके ठिकाणी स्पॅनिश संगीतकार रोद्रिगोच्या 'कॉन्सिएर्तो दे आरान्हुएथ'ची ओळखीची सुरावट डोकावते. 'मूनलाइट ऑन व्हरमाँट' शेवटाकडे एका जुन्या चर्चगीतावर येऊन आदळतं. 'द ब्लिंप'मध्ये बँडमधला गिटारवादक जेफ कॉटन फोनवरून झापाच्या स्टुडिओत कविता ओरडतोय, आणि तिथे झापाच्या स्वतःच्या बँडचं वाजवणं खाली जोडून दिलंय. या गोष्टी पहिल्या दिवशीही तिथेच असतात. ऐकू मात्र पाचव्या-दहाव्या खेपेला येतात.

आणि जितकं जास्त ऐकू येतं तितकी त्या घराची आठवण टोचते. तिथल्या आठ महिन्यांबद्दल जॉन फ्रेंच आणि गिटारवादक बिल हार्कलरोड या दोघांनी आपापल्या पुस्तकांत लिहिलं आहे: पैसे नाहीत, खायला कित्येक दिवस दिवसाला छोटा कपभर सोयाबीन, एकेकाला लक्ष्य करून तासन् तास चाललेली मानहानी. व्हॅन व्लीट नंतर सांगत राहिला की सगळा अल्बम त्याने आठ-साडेआठ तासांत पियानोवर बसून रचला. ते खरं नव्हतं. ज्या माणसाने तुकडे कागदावर उतरवले, जुळवले, शिकवले आणि वर स्वतः ड्रम वाजवला, त्या फ्रेंचला अल्बम निघण्याआधी घराबाहेर काढलं गेलं आणि मूळ आवृत्तीच्या श्रेयनामावलीत त्याचं नावही छापलं नाही. बाकीच्यांची वाद्यं मात्र मोठ्या थाटात छापली आहेत, 'ग्लास फिंगर गिटार', 'स्टील अपेंडेज गिटार' अशी. ड्रमवर कान ठेवून ऐकायच्या त्या दोन खेपा म्हणूनच मी कधी वगळू देणार नाही. त्या ओळी जुळवणारा हात ज्याचा होता त्याचं नाव ऐकणाऱ्याच्या मनात तरी असावं.

चारही बाजू ओळखीच्या झाल्यावर पुढचा अल्बम घ्यावा, १९७० चा 'लिक माय डेकल्स ऑफ, बेबी'. लोक त्याला याहून कडक समजतात, पण तयार कानाला तो सुटसुटीत वाटतो. जेफ कॉटन गेलेला आहे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी गिटार एकच. तिच्या शेजारी आर्ट ट्रिपचा मरिंबा, लाकडी पट्ट्यांचा कोरडा, गोल नाद, आणि त्यामुळे प्रत्येक ओळ सुटी ऐकू येते. फ्रेंच परतलेला आहे. त्या अल्बमवर 'ड्रम्बो' हे त्याचं बँडमधलं नाव छापलेलं आहे.